किरकोळ

म्हात्रे पुलाच्या अलीकडे, डावीकडच्या गल्लीत,
कार्यालयाचं ऑफिस जिन्याखाली.
घैसासांनी चष्मा कपाळावर सरकवला
आणि दरपत्रक आमच्याकडे फिरवलं,
मठ्ठा चाखायला दिल्यासारखं.

बाबांनी पिशवीतून वही काढली.
तीस वर्षं पिंपरीच्या कारखान्यात टाइमकीपर;
कोण किती मिनिटं उशिरा यायचं, अजून तोंडपाठ.
पान घरूनच आखलेलं. सहा रकाने.
शेवटच्याचं नाव किरकोळ.
बाकीचे बोटभर रुंद, हा चार बोटं.

हॉल एक लाख साठ. सकाळी सात ते दुपारी चार.
चारनंतर?
"तासाला नऊ हजार. सव्वाचार म्हणजेही तासच."
बाबांनी मान हलवली,
या नियमाबद्दल त्यांना आदरच वाटला.
वीज मीटरप्रमाणे. जनरेटरचं डिझेल जळेल तेवढं,
आणि नाही जळलं तरी वीस लिटर.
वरपक्षाच्या खोलीला एसी आहे,
वधूपक्षाच्या खोलीला खिडकी आहे.
एसीच हवा असेल तर तीन हजार.
पार्किंग चाळीस गाड्यांचं.
एक्केचाळिसावी आली तर समोरच्या शाळेचा रखवालदार,
त्याच्याशी तुमचं तुम्ही बघा.
गुरुजींचा माईक धरलाय, सनईचा धरलेला नाही.
अक्षता झाडायचे दोन हजार.
"अक्षता तुमच्या, पण फरशी आमची ना,"
घैसास म्हणाले आणि एकटेच हसले.

बाबा लिहीत होते.
त्यांचं सूत्र असं, की दिसतो त्या खर्चाच्या
पाचव्या हिश्श्याइतका न दिसणारा बाजूला काढायचा,
वेगळ्या पाकिटात, पाकीट आईच्या कपाटात,
आणि आईला सांगायचं नाही किती आहे.
आईला नेमकं माहीत असतं किती आहे.

मग अट क्रमांक चौदा.
घैसासांनी ती भरभर वाचली:
कार्य रद्द झाल्यास अनामत परत मिळणार नाही,
कारण कोणतेही असो.

टेबलाखाली माझा पाय बाबांच्या चपलेवर पडला.

चार वर्षांपूर्वी याच टेबलावर
दुसऱ्या एका नावाशेजारी माझं नाव होतं.
अकरा दिवस उरले असताना मी म्हणाले, नको.
पत्रिका वाटून झालेल्या.
मावशीनं कारण विचारलं;
माझ्याकडचं कारण एका वाक्यात मावत नव्हतं.
बाबांनी विचारलं नाही.
एकटेच इथे आले, पंचेचाळीस हजारांवर पाणी सोडून गेले.
घैसासांना आठवत असणार.
त्यांनी कॅलेंडर सरळ केलं, ते आधीच सरळ होतं.

त्या वर्षीची वही मला परवा रद्दी काढताना सापडली.
अनामत: बुडाली.
"बुडाली"वर रेघ. शेजारी बारीक अक्षरात: वसूल.
आणि किरकोळच्या रकान्यात
रिक्षा, कार्यालय ते घर, नव्वद.
आंबा बर्फी, पाव किलो.

ती बर्फी मला आठवते.
शेजारचं कोणीतरी पास झालं असेल, असं वाटलं होतं.

"अट मान्य?"
"मान्य," बाबा म्हणाले,
आणि चार बोटं रुंद रकान्यात सगळ्यात वर लिहिलं
अट चौदा, पन्नास हजार.
बाबा, या वेळी नाही लागणार, मी हळूच म्हटलं.
तन्मयनं तर केटररला मेनूसुद्धा सांगून टाकलाय.
"नाही लागले तर बरंच," त्यांनी वही मिटली नाही,
"त्यात तुम्ही दोघं कुठंतरी फिरून या.
पण सातव्या फेऱ्यापर्यंत ते तुझे."

आगाऊ रक्कम दोनदा मोजली, पावती तीनदा वाचली.
एसीचे तीन हजार घैसासांनी कमी केले नाहीत.

बाहेर स्कूटरपाशी एक पोरगा उभा, हातात पावतीपुस्तक.
पार्किंगचे वीस.
"बघ," बाबा जवळजवळ खूश होऊन म्हणाले,
"हे धरलं नव्हतं,"
आणि सीटवर वही ठेवून पेनाचं टोपण शोधू लागले.